पाहुण्यांचा मांडव

'लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात आणि त्याच दमात 'घर पाहावे बांधून' असेही म्हणतात. दोन्ही कार्यांत खर्च अंदाजाबाहेर जातो, दोन्हींत सल्ला फुकट मिळतो आणि दोन्हींत माणसांची पारख होते, म्हणून पूर्वजांनी ही जोडी लावून दिली असावी. परंतु या दोहोंत एक मोठा भेद आहे. घर आपण आपल्या राहण्यासाठी बांधतो. मांडव मात्र दुसऱ्यांच्या येण्यासाठी घालतो. नुसते विवाहबद्ध व्हायचे तर १९५४च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे रीतसर नोटीस द्यावी, मुदत संपू द्यावी आणि तीन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात; कार्य झाले. तीनांच्या पुढचे प्रत्येक माणूस आपण आपल्या आनंदासाठी बोलावतो. मग त्या माणसाच्या आनंदाची आणि सोयीची जबाबदारी कुणाची?

२०२४च्या डिसेंबरात आमच्या कन्येचे लग्न झाले. ठरल्या दिवसापासून आम्ही उभयतांनी हाच प्रश्न डोळ्यांपुढे ठेवला होता. त्यातून जे सुचले, जे जमले आणि ज्यासाठी घरात थोडे वादळही सोसावे लागले, ते आपल्या वाचकांपुढे मांडत आहोत. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना त्यातले काही उपयोगी पडेल.

आम्ही बडोद्याचे, चौथी पिढी. कागदोपत्री गावाचे नाव वडोदरा असले तरी आमच्या तोंडी बडोदेच आहे. आपल्यासारख्यांच्या घरी लग्न निघाले की पाहुणे दोन प्रकारचे होतात. एक गावातले, ज्यांत गुजराती शेजारी, कचेरीतले सोबती आणि दांडिया बाजार-रावपुऱ्यापासून पांगलेली आपली जुनी मराठी घरे येतात. दुसरे पुणे, नाशिक, मुंबई, इंदूर, ग्वाल्हेर येथून रात्रभर प्रवास करून येणारे. त्यात आमचे व्याही नडियादचे, गुजराती. म्हणजे एकाच मांडवाखाली दोन भाषा, दोन चवी आणि वेळेविषयीच्या दोन कल्पना एकत्र येणार होत्या.

तारखेपासूनच हे ध्यानात घ्यावे लागले. डिसेंबरच्या मध्याला सूर्य धनु राशीत गेला की गुजरातेत कमुरता लागतात आणि संक्रांतीपर्यंत शुभकार्ये थांबतात. आपल्या पंचांगात मार्गशीर्षातले मुहूर्त असतात. पण आमच्या मुहूर्तासाठी व्याह्यांच्या वडीलधाऱ्यांनी मनात रुखरुख घेऊन का यावे? म्हणून कमुरता लागण्यापूर्वीची तारीख धरली. हिवाळा असल्याने उन्हाचा त्रास नव्हता, उंधियूचे दिवस होते आणि परगावच्या पाहुण्यांना आगगाडीची तिकिटे काढायला चार महिने हाताशी होते. तारीख ठरताच छापील पत्रिकेची वाट न पाहता सर्वांना कळवले. पत्रिका उशिरा गेली तरी चालते. तारीख उशिरा कळली तर सत्तरीच्या मावशींना वरच्या बर्थवर चढावे लागते.

पत्रिकेबरोबर परगावच्या प्रत्येक घरी चार प्रश्न पाठवले. कोणत्या गाडीने येणार? जिना चढवतो का? पथ्य किंवा औषधाची वेळ काय? आणि सोबत कोण? पहिल्यांदा काहींना हे चमत्कारिक वाटले. एका मेहुण्यांनी फोन करून विचारले, "अहो, लग्नाला बोलावताय की दवाखान्यात भरती करताय?" पण उत्तरे सर्वांची आली. त्यांत अकरा मधुमेही निघाले, सात गुडघेदुखीचे, दोन चाकाच्या खुर्चीवरचे, आणि एक तान्ह्या बाळाची आई, जिला निवांत दार लावून बसता येईल अशी खोली हवी होती. व्याह्यांकडून नऊ जैन स्नेही येणार होते. त्यांना कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य. हे सारे एका वहीत उतरवले आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्या वहीला विचारून केला.

सभागृह पाहायला निघालो तेव्हा आम्ही घरातल्या आत्यांना सोबत नेले. त्या नात्याने मुलांच्या आत्या, वयाने शहात्तर. पण साऱ्या गल्लीला त्या आत्याच. इकडे लग्नकार्याच्या जागेला 'वाडी' म्हणतात. पहिल्या वाडीचा व्यवस्थापक आम्हाला झुंबरे, रंगीत दिवे आणि वधूवरांच्या सिंहासनाचा मखमली पाट दाखवत होता. आत्यांनी तिकडे पाहिलेही नाही. त्यांनी विचारले, "खुर्चीसारखे बसायचे संडास किती? खालच्या मजल्यावर किती? आणि कडी आतून लागते का?" तळमजल्यावर तसा एकही नव्हता. राहण्याच्या खोल्या दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट केवळ सामानाची. दुसऱ्या जागी गरम पाणी सकाळी दोनच तास मिळणार होते. साठ पाहुण्यांच्या आंघोळी त्यात उरकणे अशक्य. तिसरी वाडी दिसायला साधी होती, पण खाली आठ खोल्या होत्या, दाराशी उतार होता आणि अंगणात कडुनिंबाची सावली होती. ती पक्की केली. वाचकांना आमची सूचना अशी की, जागा पाहायला जाताना घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला न्यावे. जे त्यांना दिसते ते आपल्याला दिसत नाही.

पैशाचाही विचार होताच. आतषबाजी, आकाशातून चित्रण करणारे यंत्र आणि दारातली फुलांची कमान या तीन गोष्टी आम्ही वगळल्या. कन्येनेच त्यांवर काट मारली. त्यातून जे वाचले ते धुतलेल्या चादरी, जास्तीची पांघरुणे, तळमजल्यावरच्या वाढीव खोल्या आणि स्टेशनवरच्या गाड्या यांवर खर्च केले. पुण्याकडच्या काही गाड्या बडोद्याला भल्या पहाटे पोहोचतात. डिसेंबरातली ती वेळ कडाक्याची. फलाटावर ओळखीचा चेहरा, हातात सामान घेणारा भाचा आणि वाडीत पोहोचताच आल्याचा चहा, एवढे झाले की पाहुणा घरचा होतो. प्रत्येक कुटुंबामागे आमच्या घरातले एक माणूस नेमले होते. 'काही लागले तर सांगा' असे सर्वांनी सर्वांना म्हणण्यापेक्षा, कुणी कुणाला सांगायचे हे ठरलेले बरे.

आता मुहूर्त. आपला मुहूर्त मिनिटावर असतो. व्याह्यांकडची 'जान' वाजतगाजत आपल्या लयीत येते. अशा वेळी पत्रिकेत मुहूर्त अर्धा तास अलीकडचा छापावा, असा सल्ला आम्हाला पाच जणांनी दिला. तो आम्ही मानला नाही. जो वेळेवर येतो त्यालाच या युक्तीची शिक्षा होते. तो उपाशी बसून राहतो. त्याऐवजी सकाळी आठपासून फराळ मांडला आणि व्याह्यांच्या थोरल्या भावांना विश्वासात घेऊन नडियादहून निघण्याची वेळ ठरवली. अकरा वाजून बेचाळीस मिनिटांचा मुहूर्त होता. जान अकराला दारात उभी होती. सासूबाईंनी जावयाचे नाक ओढण्याचा त्यांचा 'पोंखणू'चा विधी घाईविना पार पडला, आणि आपल्याकडच्या बायकांना त्याची इतकी मौज वाटली की पुढे कानपिळीला मेव्हण्याने जावयाचा कान चांगलाच लांबवला.

मंगलाष्टकांविषयी थोडे स्पष्ट लिहितो. आपल्या प्रत्येक घरात दोन-तीन कवी असतात आणि लग्नात त्यांची प्रतिभा शार्दूलविक्रीडितात अनावर होते. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून येतात, वधू हार घेऊन ताटकळते, मागच्या रांगेतली मुले रडू लागतात. आम्ही आदल्या संध्याकाळी, सीमांतपूजनानंतर, या सर्व रचनांसाठी वेगळी तासाभराची बैठक ठेवली. तिथे कवींना ऐकणारे निवांत श्रोते मिळाले, दादही मिळाली; मुहूर्तावर गुरुजींनी पाचच अष्टके म्हटली. अक्षतांचेही तसेच. मागून फेकलेले तांदूळ वधूवरांपर्यंत पोहोचत नाहीत, पुढच्यांच्या डोक्यांवर आणि डोळ्यांत जातात, मग पायाखाली तुडवले जातात. आमच्या भाच्यांनी तबके घेऊन रांगारांगांतून प्रत्येकाच्या हातची चिमूट गोळा केली आणि ती सगळी वधूवरांच्या मस्तकी पडली. व्यासपीठ हातभरच उंच केले होते, छायाचित्रकारांना दोन्ही कडांना उभे केले होते. परिणाम असा की, लग्न लागताना ते पाहुण्यांना दिसले.

व्याह्यांकडच्या मंडळींना विधींचा अर्थ कळावा म्हणून गुरुजींनी प्रत्येक विधीपूर्वी दोन वाक्ये मराठीत आणि दोन गुजरातीत सांगितली. हे कुणाला नवे वाटेल. बडोद्याला ते नवे नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९१५ साली हिंदू पुरोहितांविषयी कायदा झाला होता. पुरोहिताने परीक्षा उत्तीर्ण झालेले असावे आणि यजमानाला संस्काराचा अर्थ त्याच्या भाषेत समजावून द्यावा, असा त्याचा रोख होता. लाजाहोमात लाह्या का, सप्तपदीत पावले सातच का, हे कळल्यावर तीनशे माणसे कशी शांत बसतात ते आम्ही पाहिले. पाहुणा कंटाळतो तो बहुधा न कळल्यामुळे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहावासा वाटला तिच्याकडे वळतो.

आत्यांचे यजमान १९९८ साली गेले. त्यानंतर त्या आमच्याकडेच राहिल्या. आम्ही दोघेही नोकरीवर जात असू. कन्येचे जेवण, अभ्यास, ताप, वेणीफणी सारे आत्यांनी केले. पण घरात कोणतेही मंगलकार्य निघाले की हळदीच्या वेळी त्या आपणहून स्वयंपाकघरात जात. त्यांना कुणी जा म्हणत नसे, आणि थांबाही म्हणत नसे. या लग्नात पहिली हळद आत्यांच्या हातची लागावी, अशी कन्येची इच्छा होती आणि आमचीही.

घरातल्या थोरल्या काकूंना ते रुचले नाही. त्या वाईट नव्हत्या, भ्यालेल्या होत्या. "मुलगी परक्या घरी जातेय. उद्या काही कमीजास्त झाले तर बोट कुणाकडे दाखवतील? आत्यांकडेच ना?" असे त्या म्हणाल्या. हे ऐकून आत्या आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझ्यामुळे कार्यात वाद नको. मी आत बसते. मला काही वाटत नाही." पंचवीस वर्षांत इतकी वेळा म्हटलेले वाक्य त्यांना पाठ झाले होते. कन्या मात्र एवढेच म्हणाली, "आत्या नसेल तर मला हळदच नको."

प्रश्न एकट्या आमच्या घराचा नव्हता. म्हणून लग्नापूर्वी पंधरा दिवस आम्ही नडियादला गेलो आणि व्याह्यांपुढे गोष्ट उघड मांडली. बैठकीत वराच्या आजी होत्या. ऐंशी पार केलेल्या, पांढऱ्या साडीतल्या. व्याही काही बोलण्याआधी त्यांनीच गुजरातीत विचारले, "म्हणजे मलाही पाट मांडाल ना?" खोलीत काही क्षण कुणी बोलले नाही. मग विहीणबाई उठल्या आणि त्यांनी सासूबाईंचा हात हातात घेतला. त्यांच्या घरी पीठी चढवण्याच्या, म्हणजे हळदीच्या कार्यात, आजी गेली एकोणीस वर्षे माडीवर बसून राहात असत, हे आम्हाला तेव्हा कळले.

हळदीच्या सकाळी वाडीच्या अंगणात दोन पाट शेजारी शेजारी मांडले. एकावर आत्या, एकावर आजी. वधूला पहिली हळद आत्यांनी लावली, वराला आजींनी. आत्यांचा हात थरथरत होता. हळद कन्येच्या गालाऐवजी कपाळावर गेली. त्या दोघी वृद्धांना एकमेकींची भाषा पुरती येत नव्हती, तरी त्यानंतरचे दोन दिवस त्या एकत्रच दिसल्या. काकूंनी हळद लावली नाही. त्या दाराशी उभ्या राहून पाहात होत्या. परंतु दुसऱ्या दिवशी पंगतीत आत्यांसाठी शेजारची खुर्ची त्यांनीच अडवून ठेवली. आम्ही त्याहून अधिक काही मागितले नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि महाराष्ट्र शासनाने त्याच महिन्यात इतर गावांनाही तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. ठराव हवेतच. पण ठराव घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबतो. आत त्याला कुणीतरी हात धरून न्यावे लागते, आणि त्याला लग्नाहून योग्य प्रसंग नाही. खुर्ची मऊ दिली, पाणी गरम दिले, पण मान दिला नाही, तर पाहुण्याची सोय झाली असे कसे म्हणावे?

जेवणाचे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर सर्वांचेच अनुभव दांडगे असतात. हातात ताट घेऊन उभ्याने जेवणे तरुणांना जमते. काठी धरणाऱ्याला तिसरा हात नसतो. आम्ही दोन्ही ठेवले. साठी ओलांडलेल्यांना आणि लहान मुलांच्या आयांना टेबलखुर्चीची पंगत, घरच्या माणसांच्या हातचे वाढप. इतरांना मांडलेले जेवण. पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि मध्ये वरणभाताची मूद, हे पाहून इंदूरच्या मामांचे डोळे निवले. मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा, जिलबी आपली. उंधियू आणि गोडसर डाळ त्यांची. जैन मंडळींची पाने वेगळ्या भांड्यांतल्या पदार्थांची. पुरणपोळीवरून मात्र गोड वाद झाला. गुजरातेत तिला 'वेढमी' म्हणतात आणि पुरण तुरीच्या डाळीचे करतात. आपले हरभऱ्याच्या डाळीचे. आचाऱ्याने दोन्ही केल्या आणि निकाल अद्याप लागलेला नाही.

आग्रहाला आम्ही मर्यादा घातली होती. पूर्वी जिलब्यांच्या पैजा लागत. आता पैज जिंकणाऱ्याला संध्याकाळी डॉक्टर लागतो. प्रथम थोडे वाढावे, पुन्हा पुन्हा फिरावे आणि 'नको' म्हटले की थांबावे, असे वाढणाऱ्या मुलांना सांगितले होते. औषधे घेणाऱ्यांना बारा वाजताच जेवायला बसवले, मग आहेर चालू असोत की छायाचित्रे. आणि वाजंत्री, गाड्यांचे चालक, भांडी घासणाऱ्या बाया यांची पंगत सर्वांत शेवटी उरल्यासुरल्यावर न ठेवता दोनच्या ठोक्याला, त्याच टेबलांवर बसवली. मांडवात राबणारा माणूस उपाशी असेल तर मांडव उपाशीच असतो.

ज्यांची गाडी रात्रीची होती त्यांची दुपार मोकळी पडली. काहींनी झोप काढली. काहींना आमच्या भाच्यांनी सयाजीबागेतले संग्रहालय आणि कीर्तिमंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे दाखवली. निघताना प्रत्येकाच्या हाती दशम्या, लोणचे आणि इथल्या लीलो चेवड्याची पुडी दिली. 'आहेर आणू नये' असे पत्रिकेत छापले होते आणि ते खरोखर पाळले.

ज्यांच्या घरी यंदा मांडव पडणार आहे त्यांनी सर्वप्रथम एक वही घालावी आणि पहिल्या पानावर दागिन्यांची यादी न लिहिता पाहुण्यांची नावे लिहावीत. प्रत्येक नावापुढे त्या माणसाला काय लागते ते लिहावे. काहींच्या पुढे 'तळमजला' येईल, काहींच्या पुढे 'बिनसाखरेचा चहा'. आणि एखाद्या नावापाशी लेखणी थबकेल, कारण त्या माणसाने आजवर कधीच काही मागितलेले नसते. तिथे जरा थांबावे आणि त्यांना जाऊन विचारावे. बाकीची सगळी कामे पैसे देऊन होतात.